आधी थांबवायचं शिकवा

ड्रोन शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी काय विचारतो, यावरून तो कसा उडवणार हे कळतं, असं आमच्या ट्रेनर सना मॅडमचं मत होतं. कुणी विचारतो, किती उंच जातो. कुणी विचारतो, किती लांब जातो. लग्नाचं शूटिंग करणारे विचारतात, कॅमेरा कसा आहे. मी कृषी सहायक, झरीला नेमणुकीला, ऑफिसच्या हुकमानं आलेली. मी विचारलं, जेवणाची सुट्टी कधी. वाघमारे काकांनी मात्र हात वर केला, परवानगी मिळाल्यावर उभे राहिले, शर्टाची खालची कड ओढून सरळ केली आणि म्हणाले, "मॅडम, हे थांबतंय कसं, ते आधी सांगा."

सगळे हसले. ड्रोन अजून पेटीतून बाहेरसुद्धा आला नव्हता.

"काका, आधी उडू तर द्या त्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

"उडंल की. उडायलाच केलंय ते. थांबतंय कसं?"

सना मॅडम परभणीच्याच, वयानं काकांच्या नातीएवढ्या. त्यांनी रिमोट हातात घेऊन दोन दांड्या दाखवल्या. डावीनं वरखाली आणि गिरकी, उजवीनं मागंपुढं आणि बाजूला. "थांबवायचं असेल तर दोन्ही सोडून द्यायच्या. जिथं असेल तिथं हवेत उभा राहतो."

"सोडून द्यायच्या? वडायचं, दाबायचं काई न्हाई?"

"काहीच नाही."

काका हळूच खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणावा तर तो नव्हता, संशयच जास्त होता. मला त्या चेहऱ्याचं कोडं काही सुटेना.

वाघमारे काका पूर्णेचे. रेल्वेत ड्रायव्हर होते, मालगाड्या चालवून चालवून निवृत्त झालेले. सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला उतरायचे आणि ऑटोनं पोखर्णी रस्त्यावरच्या आमच्या माळावर यायचे. अंगात लांब बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात रुमाल आणि पायात पॉलिश केलेले काळे बूट. आमच्याकडची काळी धूळ पॉलिशला किती जुमानते हे काय सांगायला पाहिजे? पण दुसऱ्या दिवशी बूट परत चकाचक. सना मॅडम आल्या की ते उठून उभे राहायचे. "काका, नक्को ना," असं त्या रोज म्हणायच्या आणि ते रोज उठायचे.

आमच्यातल्या प्रत्येकाचं येण्याचं कारण स्वच्छ होतं. शूटिंगवाल्यांना लग्नं घ्यायची होती, बचत गटाच्या बायकांना फवारणीचं काम मिळणार होतं, मला ऑफिसचा कागद होता. काकांना ना शेत, ना कॅमेरा. मी स्वभावानं चौकस. माझ्या सासूबाई त्याला वेगळा शब्द वापरतात, तो सोडा. मी त्यांना सरळच विचारलं, "काका, तुम्ही हे कशाला शिकायलात?"

"बघावं म्हणलं," काका म्हणाले. पुन्हा विचारलं तरी तेच. पाणी विचारावं तसं मी अधूनमधून विचारत राहिले आणि ते अधूनमधून "बघावं म्हणलं" म्हणत राहिले.

उडवायच्या आधी ते माळाला एक फेरी मारायचे. याला ते 'लाईन बघून येतो' म्हणायचे. विजेच्या तारा कुठून जातात, बाभळी कुठं आहेत, घारी घिरट्या घालतायत का, हे सगळं बघून, वाटेतली एखादी प्लास्टिकची पिशवी खिशात कोंबून परत यायचे. मग ड्रोनसमोर उभं राहून एकेक गोष्ट मोठ्यानं बोलायची. इंजिनात एकानं सिग्नल पुकारायचा आणि दुसऱ्यानं तो परत पुकारायचा, असा नियमच असतो म्हणे. इंजिनात असिस्टंट असतो. इथं शेजारी मी उभी होते, म्हणून ती नोकरी माझ्या गळ्यात पडली.

"पंखे, ठीक. म्हणा ताई."

"पंखे, ठीक."

"बॅटरी, भरलेली."

"बॅटरी, भरलेली."

"माणूस, न्हाई."

"माणूस, नाही."

पहिले काही दिवस मला फार लाज वाटायची. ऑफिसातलं कुणी बघितलं असतं तर तालुकाभर झालं असतं. मग एकदा सवयीनं "माणूस, नाही" म्हणताना मान वर केली, तर समोरच्या बाभळीमागं आमचाच एक शूटिंगवाला उकिडवा बसून फोनवर बायकोची समजूत घालत होता. "माणूस, हाय," मी म्हणाले. काकांनी रिमोट खाली ठेवला, त्याचं बोलणं संपेपर्यंत आम्हाला सगळ्यांना उभं केलं, आणि तो आल्यावर त्याला असं काही झापलं की बायको परवडली असं त्याला वाटलं असावं. तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून म्हणायला लागले.

शिकण्यात मात्र काका आमच्यात सगळ्यांत मागं होते. पहिल्यांदा ड्रोन वर नेला तेव्हा सना मॅडम म्हणाल्या, "आता डावीकडं घ्या." ड्रोन सरळ. "डावीकडं, काका." ड्रोन सरळच. शेवटी मॅडमनी आपल्या रिमोटवरून तो ओढून आणला. शिकणाऱ्याचा ड्रोन कधीही आपल्या हातात घेता यावा म्हणून त्यांच्याकडं दुसरा रिमोट असायचा.

"माफ करा मॅडम," काका खरंच ओशाळले होते. "जिंदगीभर गाडी चालवली, पर वळवली कधीच न्हाई. वळायचं काम रुळाचं असतंय."

आम्ही पोट धरून हसलो. मग तेही हसले.

डाव्या-उजव्याचा घोळ पुढंही चालला. ड्रोनचं तोंड आपल्याकडं झालं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं आणि नवशिका तिथंच फसतो. काकांनी यावर आपली युक्ती काढली. ड्रोन जिकडं तोंड करेल तिकडं तेही तोंड करायचे. म्हणजे ड्रोन यांच्याकडं यायला लागला की हे त्याला पाठ दाखवून उभे, आणि मान पिरगाळून खांद्यावरून वर बघणार. सना मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, नजर ड्रोनवरून हलवायची नाही, हा पहिला नियम. शेपूट आपल्याकडं ठेवा त्याची. तेवढं जमलं तरी पुष्कळ आहे."

उतरवायची तर आणखी तऱ्हा. जमिनीवर नारिंगी चटई अंथरलेली असायची. काका एवढ्या लांबून थांबायला सुरुवात करायचे की ड्रोन चटईच्या कितीतरी अलीकडं हवेत उभा. मग जरा पुढं, परत उभा. जरा पुढं, परत उभा. स्टेशन दिसायच्या आधीच थांबायचं ठरवायची सवय लागलेली, ती थोडीच जाते? बाकीचे आपल्या पाळीची वाट बघत जांभया द्यायचे. आम्ही हवेत गोल काढायला लागलो, आठाचा आकडा काढायला लागलो, तरी काका आपले ड्रोन पुढं न्यायचे आणि दांड्या सोडायचे. पुन्हा न्यायचे, पुन्हा सोडायचे.

"बघा ताई. ऱ्हायलं उभं."

"हो काका."

"आपुन काईच केलं न्हाई."

"नाही केलं."

हे ते असं सांगायचे की जणू आजच पहिल्यांदा घडलंय. मला वाटायचं, म्हाताऱ्याला खेळणं सापडलंय. पण खेळणं सापडलेला माणूस हसतो. काका हसायचे नाहीत, बघत राहायचे.

सगळे ड्रोन पेटीत गेल्याशिवाय ते डबा उघडत नसत. उघडला की भाकरी आणि काकूंची शेंगदाण्याची चटणी सगळ्यांत फिरायची. असं सगळं नीट चाललं होतं, आणि मग वाऱ्याचे दिवस आले.

सना मॅडमनी आम्हाला गोलात बसवलं. ड्रोन हवेत उभा राहतो तो जीपीएसनं आपली जागा उपग्रहांकडून समजून घेतो म्हणून, त्या म्हणाल्या. कधी ती खूण तुटते. तुटली की दांड्या सोडूनही तो उभा राहत नाही, वारा नेईल तिकडं वाहत जातो. हे ज्याला सांभाळता येत नाही त्याला मी उडवणारा म्हणणार नाही. "तर आज मी ते बंद करणार आहे. घाबरायचं नाही. वाहायला लागला की उलट्या बाजूला दांडी द्यायची."

काकांचा नंबर पहिला होता. पुकारणं झालं, ड्रोन वर गेला, थोडा पुढं गेला, आणि काकांनी नेहमीसारखे दोन्ही अंगठे उचलले.

ड्रोन उभा राहिला नाही. घाईही नाही, गडबडही नाही, आरामात तारांकडं निघाला.

"काका, दांडी धरा. उलटी द्या."

काकांचे अंगठे तसेच हवेत. ते नुसते बघत होते. मी त्यांच्या अगदी शेजारी होते. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही, त्यांना बघण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. सना मॅडमनी आपल्या रिमोटनं ड्रोन तारांच्या अलीकडून परत आणला, तरी अंगठे तसेच वर.

मग ते म्हणाले, "मॅडम, तुमी म्हणल्या व्हत्या, सोडलं की थांबतंय."

"ते जीपीएस चालू असल्यावर, काका. आता बंद केलं होतं ना."

"हां," काका म्हणाले. गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं, डब्याची पिशवी उचलली आणि न जेवता रस्त्याकडं चालू लागले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतरही नाहीत. फोन लागायचा, उचलत कुणी नव्हतं. सना मॅडम पेट्या आवरताना मधेच थांबून मला म्हणाल्या, "मैं कुछ गलत बोली क्या, मॅडम?" मी म्हणाले, तुम्ही बरोबरच बोललात. पण त्यांचं समाधान झालं नाही, आणि माझंही.

सुट्टीच्या दिवशी मी पूर्णेला गेले. काळजी होती हे खरं, पण चौकसपणाही होताच. एवढासा ड्रोन चार हात वाहत गेला म्हणून एवढी वर्षं इंजिन हाकलेला माणूस तोंड फिरवून का जावा? स्टेशनामागच्या गल्लीत घर लगेच सापडलं. वाघमारे डायवर म्हटल्यावर एक जण दारापर्यंत सोडायला आला.

काकूंनी आत घेतलं. "आल्यापून निस्ते बसून हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "बोलनं न्हाई का चालनं न्हाई. तुमी तरी बोला."

काका बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीवर बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "ताई, तुमी लय दिवस इचारायलात, मी कशाला शिकायलोय म्हणून. बसा."

नोकरीच्या मधल्या काळातली गोष्ट. भरलेली मालगाडी घेऊन ते चालले होते. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. वळण संपलं आणि पुढं रुळावर माणूस दिसला. खांद्यावर सायकल घेऊन ओलांडत होता.

"भोंगा दिला. त्यानं वर बगितलं माझ्याकडं. गाडी लांब हाय असं वाटलं आसंल त्याला. मी पूर्ण ब्रेक मारला. त्याच्याफुडं ब्रेकच न्हाई. पर भरलेली मालगाडी, ताई. तिला थांबायला लय जागा लागती." त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उलटे करून ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिले. "लोकायला वाटतंय, डायवरला दिसलं नसंल. दिसलं की. सगळं दिसलं. ब्रेक मारून झाल्यावर हाताला कामच ऱ्हात न्हाई. निस्तं बगायचं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हे कितीदा ऐकलं होतं कोण जाणे, कदाचित एकदाही नाही.

चौकशी झाली, काकांची काही चूक निघाली नाही. रजा संपल्यावर परत गाडीवर गेले, निवृत्तीपर्यंत चालवली. मग एका लग्नात, पंगतीत बसले असताना, त्यांना शूटिंगवाल्याचा ड्रोन दिसला. शूटिंगवाल्याला फोन आला म्हणून त्यानं दोन्ही हात रिमोटवरून काढले, आणि ड्रोन होता तिथंच उभा राहिला. काका जेवता जेवता उठून बघायला गेले होते.

"इतबार बसला ताई माझा त्याच्यावर. वाटलं, असं बी मशीन असतंय. सोडलं की थांबनारं. तर ते बी गेलंच की."

मला समजूत घालता येत नाही. शेतकऱ्याच्या तुरीवर रोग पडला तरी मी औषधाचं नाव सांगते, धीर कसा देतात मला ठाऊक नाही. म्हणून जे सुचलं ते बोलले. "काका, तुम्ही गेल्यावर माझा नंबर होता. माझाही वाहत गेला."

"मंग?"

"मॅडम म्हणाल्या, उलटी द्या. दिली. जास्त दिली, तर तिकडच्या अंगाला पळाला. मग इकडून दिली. उभा असा राहतच नाही तो. सारखं द्यावं लागतं, थोडं इकडून, थोडं तिकडून."

"सारखं?"

"सारखं. हात मोकळा म्हणून होत नाही."

काकांनी मान वर केली. "म्हंजी तो जायलाय, आन् आपल्या हाताला काम हाय?"

"आहे की."

"आन् दिल्यावर ऐकतंय?"

"ऐकतं. जरा उशिरानं, पण ऐकतं."

आता प्रश्न सुरू झाले. किती द्यायचं, वारा कमी झाला तर काढून कधी घ्यायचं, देताना ड्रोन झुकतो का, झुकतो तर कोणत्या अंगाला. मला शब्दांनी सांगता येईना, म्हणून काकूंनी चहासाठी मांडलेली बशी उचलून झुकवून दाखवली. काकांनी दुसरी बशी घेतली. काकू चहाची किटली घेऊन आल्या तेव्हा दोन मोठी माणसं रिकाम्या बश्या हवेत डोलवत बसली होती. त्यांनी काही न विचारता आणखी दोन बश्या आणल्या.

सोमवारी पॅसेंजरनं काका आले. बूट पॉलिश केलेले. सना मॅडम आल्या तसे उठून उभे राहिले, आणि या वेळी त्यांनी "नक्को" म्हटलं नाही. काकांनी जीपीएस बंद करायला लावलं आणि पुढचे सगळे दिवस तेवढंच केलं. सुरुवातीला ड्रोन दारू प्यायल्यासारखा फिरायचा. हळूहळू त्याचं फिरणं कमी झालं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते परीक्षेच्या दिवशी. पुढं फोनवर बोलणं झालं, भेट नाही. वारा होता, म्हणून मॅडमनी मुद्दाम तोच दिवस धरला. जीपीएसशिवाय ड्रोन माळावर रोवलेल्या झेंड्यापर्यंत न्यायचा, तिथं धरून ठेवायचा, मग आठ काढून परत आणायचा. काका झेंड्यापर्यंत गेले होते. तेवढ्यात रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. त्यावरचा माणूस उतरला आणि मोबाईल समोर धरून, वर बघत, सरळ माळावर चालत आला, ड्रोनचं शूटिंग घेत.

"ओ भाऊ, मागं व्हा," आम्ही सगळे ओरडलो. वारा त्याच्याकडून आमच्याकडं होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. आणि मग वाऱ्यानं एकदम दिशा बदलली, जोरात आला, आणि ड्रोन त्या माणसाकडं वाहायला लागला. उंची फार नव्हती.

मी काकांच्या हातांकडं बघितलं. अंगठे दांड्यांवर होते. उलटी दिली. ड्रोन झुकला, तरी जातच राहिला. आणखी दिली. पंख्यांचा आवाज चढला, ड्रोन एका अंगावर कलंडला, काकांनी थोडं काढून घेतलं, परत दिलं, आणि तो त्या माणसाच्या अलीकडं हवेत थरथरत उभा राहिला. तो माणूस मोबाईलमध्ये बघून हसत होता. एका हातानं त्यानं आम्हाला टाटासुद्धा केला. काका ड्रोन धरून राहिले, इकडून थोडं, तिकडून थोडं. कानामागून घाम वाहत होता. सना मॅडमचं बोट त्यांच्या रिमोटच्या बटनावर होतं. मी नंतर विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही घेतला? त्या म्हणाल्या, "काकांचे अंगठे चालू होते."

"मॅडम, घ्या आता," काका म्हणाले.

"घेतला."

तेव्हा त्यांनी अंगठे उचलले. रिमोट चटईवर ठेवला आणि त्या माणसाकडं चालत निघाले. आता याला सोलून काढणार, असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं. मीही मागोमाग गेले. तो माणूसही काकांचा चेहरा बघून चपापला. "सॉरी काका, निस्तं बघायलो होतो."

काकांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "कुठले?"

"पोखर्णीचा."

"घरी कोन कोन हाय?"

तो गोंधळला. आई, बायको, दोन पोरी, म्हणाला. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पोरींची नावं विचारली, कितवीला आहेत ते विचारलं. "जेवून निघालात का?" विचारलं. तो "हो" म्हणाला, तरी त्यांनी हात सोडला नाही. तसाच धरून त्याला रस्त्यापर्यंत नेलं, मोटरसायकलवर बसवलं, आरसा सरळ करून दिला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

काकांचा आठ काढायचा राहिला होता. सना मॅडमनी पुढचं नाव पुकारलं नाही आणि काकांनाही हाक मारली नाही. मोटरसायकल पोखर्णीच्या दिशेनं लहान होत गेली, मग दिसेनाशी झाली, आणि काका रस्त्याच्या कडेला तिकडंच बघत उभे होते.